केस, कोंडा आणि व्हॅक्यूम क्लीनर : वाचकांचे प्रश्न

कुत्र्या-मांजरांच्या घरातल्या सफाईबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांना एकच उत्तर दिलं आहे.

आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स, हॉलमध्ये एक गालिचा आणि कापडी सोफा. दिवसातून दोनदा झाडलं तरी संध्याकाळी सोफ्याखाली केसांचे पुंजके असतातच. दुकानदार म्हणतो, २००० वॉटचं मशीन घ्या. जास्त वॉट म्हणजे जास्त ओढ, हे बरोबर आहे का?
— कोथरूड, पुणे

नाही. खोक्यावरचे वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून वायरवर चालणाऱ्या नेहमीच्या घरगुती मशीनला ९०० वॉटची मर्यादा आहे आणि त्यात गालिचे उत्तम साफ होतात. त्यामुळे वॉट बघून मशीन निवडू नका.

दुसरा आकडा किलोपास्कलचा, म्हणजे ओढ किती जोराची ते सांगणारा. तोही अर्धाच उपयोगी, कारण तो नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. तेव्हा आतून हवा वाहतच नसते. प्रत्यक्ष कामाला ओढ आणि हवेचा ओघ दोन्ही लागतात आणि त्यांचा गुणाकार म्हणजे एअरवॉट. सेकंदाला २० लिटर हवा ८ किलोपास्कलच्या ओढीने जात असेल, तर ते १६० एअरवॉट झाले. हा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिला असेल, तर दोन मशीनची तुलना त्यावरूनच करा.

आता मुख्य मुद्दा. टाइल्सवरचा केस उचलायला ताकद लागतच नाही, तो फुंकरीनेही हलतो. सोफ्याच्या कापडात आणि गालिच्यात घुसलेला केस मात्र नुसत्या ओढीने निघत नाही. केसावर सूक्ष्म खवले असतात, ते धाग्यात अडकतात आणि प्रत्येक बसण्या-उठण्याबरोबर केस आणखी आत जातो. लॅब्रेडॉरचे वरचे केस आखूड आणि ताठ असतात, ते सुईसारखे विणीत शिरतात. खालची मऊ लव वेगळी, तिचेच पुंजके होतात. रुतलेला केस आधी उपसावा लागतो, मग हवा त्याला घेऊन जाते. उपसायचं काम फिरत्या ब्रशचं. म्हणून मशीन घेताना आधी त्याच्या तोंडाकडे बघा, मोटरकडे नंतर.

फिरते ब्रश दोन प्रकारचे. एक हवेच्या झोतावर फिरतो, त्याला टर्बो ब्रश म्हणतात. स्वस्त पडतो, पण कापडावर जरा दाबला की थांबतो, कारण हवा अडली की त्याचं बळच जातं. दुसऱ्याला स्वतःची छोटी मोटर असते. तो दाबला तरी फिरत राहतो. सोफ्यासाठी हातभर रुंदीचा ब्रश उपयोगाचा नाही. साधारण १२ ते १५ सेंटिमीटर रुंदीचा छोटा फिरता ब्रश सोबत मिळतो का, हे विचारा. पुष्कळ मशीनबरोबर सोफ्यासाठी म्हणून नुसतं चपटं प्लॅस्टिकचं तोंड देतात. त्याने धूळ जाईल, केस राहतील.

टाइल्सवर उलट करायचं. कडक केसांचा फिरता ब्रश गुळगुळीत फरशीवर केस उडवून मागे फेकतो. तिथे ब्रश बंद करायची सोय हवी, नाहीतर कापडी मऊ रोलर किंवा न फिरणारं, कडेला मऊ केसांची झालर असलेलं तोंड लावा.

तुमच्या घरासाठी एकच मशीन घ्यायचं, तर वायरवर चालणारं, चाकांवर मागे सरकणारं, पिशवीचं मशीन आणि त्याला छोटा फिरता ब्रश, अशी आमची शिफारस आहे. रोजच्या टाइल्सना त्याची गरज नाही. सपाट मायक्रोफायबर मॉप कोरडाच फिरवला तरी केस त्याला चिकटून येतात. झाडूने ते हवेत उडतात आणि तासाभराने पुन्हा खाली बसतात. तुमच्या सोफ्याखालचे पुंजके बहुतेक त्यातूनच होतात. आधी ओली फरशी पुसून मग केस गोळा करायला जाऊ नका, ओला केस फरशीला चिकटतो. केस आधी, पाणी नंतर. सोफा आणि गालिचा आठवड्यातून दोनदा मशीनने काढा.

बॅटरीवर चालणारं उभं, काठीसारखं मशीन हाताशी राहतं म्हणून रोज वापरलं जातं, हा त्याचा मोठा गुण. पण पूर्ण ताकदीवर आणि फिरत्या ब्रशसकट ते बऱ्याचदा १० ते २० मिनिटंच चालतं. खोक्यावरचा तासभराचा दावा सर्वांत कमी वेगाचा असतो. डबाही अर्ध्या लिटरच्या आसपास. केस झडायच्या दिवसांत एका खोलीत भरतो. असं मशीन घेणार असाल, तर बॅटरी वेगळी काढता येते का आणि सुटी विकत मिळते का, हे आधी विचारा. तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागणारच.

विजेचं एक लक्षात घ्या. १६०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर ओढतं. हॉलमधले साधे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट पुष्कळ घरांत फक्त गीझर, फ्रिज आणि एसीजवळ असतो. वायर तिथून सोफ्यापर्यंत पोचेल का, ते मशीन घ्यायच्या आधी मोजा. कन्व्हर्टर पिन लावून साध्या सॉकेटमध्ये खुपसू नका, सॉकेट वितळतो.

दुकानात जाताना घरातलं एक पायपुसणं आणि कुत्र्याच्या विंचरलेल्या केसांची मूठभर पुरचुंडी घेऊन जा. केस पायपुसण्यावर पसरून तळहाताने चांगले रगडा आणि मशीन चालवून दाखवायला सांगा. तीन-चार हातांत पायपुसणं साफ झालं तर ते मशीन तुमच्या कामाचं.

पर्शियन मांजर आहे. मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी घर धूळमुक्त ठेवायला सांगितलं. मी व्हॅक्यूम केलं की त्याला जास्तच शिंका येतात. हेपा फिल्टर असलेलं मशीन आहे, मग असं का? मांजराच्या वाळूचे दाणेही त्याच मशीनने उचलते.
— दादर, मुंबई

मुलाला त्रास देणारी गोष्ट केस नव्हे. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांवर आणि कोंड्यावर वाळतं आणि मग इतक्या बारीक कणांवर हवेत तरंगतं की साध्या कापडी पिशवीतून आरपार जातं. म्हणजे तुम्ही गादीवरचा कोंडा उचलता आणि मशीनच्या मागच्या जाळीतून तोच खोलीभर उडतो.

'हेपा' शब्दाला नेमका अर्थ आहे. एच१३ दर्जाच्या फिल्टरने, पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणसुद्धा किमान ९९.९५ टक्के अडवायला हवेत. खोक्यावर 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर हे मोजमाप लागू नाही. आणि फिल्टर खरा असला तरी हवा त्याच्या बाजूने निसटत असेल, तर उपयोग शून्य. हे घरी तपासता येतं. मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा आणि पांढरं ओलसर फडकं डब्याच्या सांध्यावरून, फिल्टरच्या चौकटीवरून, मागच्या जाळीच्या कडेने फिरवा. करड्या धुळीची रेघ जिथे उठेल तिथून गळती आहे. बहुतेक वेळा दोष सांधा हवाबंद करणाऱ्या रबरी गॅस्केटचा निघतो. ती चपटी होते किंवा फिल्टर परत बसवताना दुमडते. फिल्टरपेक्षा ती स्वस्त असते, बदलून घ्या.

तुमच्या घराला डब्याचं नव्हे, पिशवीचं मशीन हवं. डबा रिकामा करताना जो धुरळा उठतो त्यात आठवडाभराचा कोंडा एकदम नाकात जातो. एकदाच वापरायची, अनेक थरांची, तोंड बंद होणारी पिशवी तशीच कचऱ्यात जाते. मात्र त्या मॉडेलच्या पिशव्या सहज मिळतात का, हे आधी बघा. पिशव्या मिळेनाशा झाल्या की लोक जुनीच फाडून, रिकामी करून पुन्हा लावतात आणि सगळं मुसळ केरात. पिशवी दोन तृतीयांश भरली की बदला. घरातलं दुसरं कोणी मशीन चालवणार असेल तर उत्तम. मूल घराबाहेर असताना, खिडक्या उघड्या ठेवून करा आणि त्यानंतर तासभर तरी त्याला त्या खोलीत जाऊ देऊ नका. गादी, उशा, पडदे हे जमिनीपेक्षा महत्त्वाचे आहेत आणि मुलाच्या पलंगावर मांजराला अजिबात येऊ देऊ नये. हे ऐकायला कठोर वाटेल, पण कुठल्याही मशीनपेक्षा याचा फायदा जास्त आहे.

वाळूबद्दल. गोळा होणारी वाळू म्हणजे बेंटोनाइट माती. ती कोरडी असली तरी तिची पूड फिल्टरच्या घड्या बुजवते आणि ओलसर झाली की आत सिमेंटसारखी बसते. वाळूच्या ट्रेसमोर जाळीदार मॅट टाका, दाणे हाताच्या कुंच्याने सुपलीत घ्या. ओला गोळा मशीनने कधीही उचलू नका. घरात वास येऊ नये म्हणून गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवायची रीत पसरली आहे, तिचाही परिणाम तोच. रांगोळी, टाल्कम पावडर, उदबत्तीची राख याही मशीनच्या शत्रू.

ब्रश मध्येच फिरायचा थांबतो आणि रबर जळल्याचा वास येतो. सर्व्हिसवाला मोटर गेली म्हणतो. घरात पग आहे, त्याचे केस एवढे आखूड, तरी रोलरभोवती दोरखंड तयार होतो.
— धरमपेठ, नागपूर

मोटर गेली असेलच असं नाही. रबराचा वास बेल्टचा असतो. मोटर फिरते, रोलर अडतो, बेल्ट जागच्या जागी घासून तापतो.

आधी दोरखंडाचं. रोलरचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर घेर साडेबारा सेंटिमीटर झाला. पगचा केस दोन-तीन सेंटिमीटरचा, त्याचा एक वेढासुद्धा पुरा होत नाही. वेढे पडतात ते माणसांच्या लांब केसांचे, साडीच्या सुताचे, गालिच्याच्या उसवलेल्या धाग्याचे. त्या जाळ्यात पगचे केस भरतात आणि त्याची नमद्यासारखी घट्ट पट्टी होते. म्हणजे विंचरताना पडलेली गुंतवळ आधी हाताने उचलली, तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

साफ करायची पद्धत अशी. प्लग काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरी बाहेर. ब्रशचं तोंड उलटं करा. एका कडेला नाण्याने फिरणारी खाच, सरकती कडी किंवा दोन-तीन फुलीचे स्क्रू असतील. कडेची टोपी काढली की रोलर बाहेर येतो. बहुतेक रोलरवर लांबीच्या दिशेने एक खोबण असते, ती कात्रीसाठीच. बोथट टोकाची कात्री त्या खोबणीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, मग पट्टी केळीच्या सालीसारखी सोलून निघते. ब्लेडने मधेच कापायला गेलात तर ब्रशचे केस तुटतात.

खरी अडचण दोन्ही टोकांना असते. तिथल्या टोप्या ओढून काढा. आत आसाभोवती करड्या केसांची घट्ट कडी दिसेल, बाहेरून ती प्लॅस्टिकचाच भाग वाटते. भुवयांच्या चिमट्याने तिचं टोक शोधा आणि उलट्या दिशेने उलगडा. हीच कडी बेअरिंग आवळते. मग रोलर दोन बोटांत धरून टिचकी मारा. तो दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला पाहिजे. खरखरत लगेच थांबला तर बेअरिंग गेलं. तेल घालू नका, तेलाला धूळ आणि केस चिकटून ते आणखी लवकर अडेल. बेल्ट बघा. आतून चकचकीत झालेला, एका जागी वितळलेला किंवा सैल लोंबणारा बेल्ट बदलायचाच.

एवढं करूनही ब्रश फिरला नाही तर मोटरकडे वळा. त्यातही आधी कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बघायला सांगा. वायरवर चालणाऱ्या मोटरचे कार्बन घासून संपतात आणि ते बदलणं पूर्ण मोटर बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहे. मशीन तापून आपोआप बंद पडत असेल तर तो उष्णतेचा संरक्षक स्विच. नळी कुठेतरी तुंबली आहे, असा त्याचा अर्थ. नळी सोडवून एका टोकातून टॉर्च मारा. केसांचा बोळा बहुधा नळी मशीनला जोडते त्या वळणात असतो आणि त्याच्या मध्यभागी आडवी बसलेली एखादी हेअरपिन किंवा कानकोरणं सापडतं. तारेने टोचू नका, नळीला भोक पडतं. बागेतल्या पाइपचा जाड तुकडा पुरतो. तो आत सारून बोळा पुढे ढकला. मग तासभर मशीन थंड होऊ द्या.

फिल्टर धुऊन लावला की दोन दिवसांत मशीनमधून ओल्या कुत्र्यासारखा वास येतो.
— रत्नागिरी

फिल्टर वाळलेला नसतो. स्पंजचा फिल्टर बाहेरून कोरडा लागतो, आत ओल राहते, तिच्यावर कोंडा बसतो आणि कुजतो. कंपनीच्या पुस्तिकेत २४ तास लिहिलेले असतात. कोकणच्या पावसाळ्यात ४८ ते ७२ तास पंख्याखाली धरा. म्हणून दोन फिल्टर ठेवा, एक मशीनमध्ये, एक वाळत. धुताना साधं पाणी, साबण नको. पिळू नका, दाबा. उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका, स्पंज आकसतो आणि कडेने फट राहते. घड्यांचा कागदी फिल्टर मात्र, धुता येतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर धुऊच नका. तो बाहेर गॅलरीत हलकेच आपटून झटका. आताचा वास मारणारा फिल्टर धुऊनही सुधारणार नाही, टाकून द्या.

रोबो व्हॅक्यूम घ्यावा का? घरात तीन महिन्यांचं पिल्लू आहे.
— गंगापूर रोड, नाशिक

आत्ता नको. पिल्लू घरात शी-शू करणं थांबेपर्यंत तर नाहीच. रोबो शीवरून गेला की ती चाकांत, ब्रशमध्ये आणि घरभर रेघांनी पसरते. काही महागड्या मॉडेलना कॅमेरा असतो आणि ती घाण ओळखून वळसा घालतात, पण अंधारात आणि गडद फरशीवर त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. शू तर कुठल्याच कोरड्या मशीनने ओढायची नाही.

पिल्लू शिकल्यावर, रोज पडणाऱ्या केसांसाठी रोबो चांगला सोबती आहे. घेताना ब्रशच्या केसांऐवजी रबरी पात्यांचा रोलर बघा. घरातले उंबरे मोजा, दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरा बरेच रोबो चढत नाहीत. सोफ्याखाली शिरायला त्याच्या उंचीपेक्षा बोटभर जास्त जागा हवी. सोफा, गादी आणि जिना त्याच्या आवाक्याबाहेर, तेव्हा दुसरं मशीन लागतंच.

बंगल्यात दोन देशी कुत्रे आहेत. पिसवा झाल्या आहेत, भिंतीवर गोचीडही दिसतात. व्हॅक्यूमने फरक पडतो का? ते आत जिवंत राहतात म्हणून डांबरगोळी टाकायला सांगितलं.
— कागल, जि. कोल्हापूर

पिसवांना चांगलाच फरक पडतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २००७ साली झालेल्या अभ्यासात व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या ९६ टक्के प्रौढ पिसवा आणि तिथे तपासलेल्या सगळ्या अळ्या-कोश मेले होते. डांबरगोळीची काहीच गरज नाही. तिची वाफ गरम हवेबरोबर खोलीत फेकली जाते आणि ती माणसांना व जनावरांना, विशेषतः मांजरांना, घातक असते.

पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगाला चिकटून राहत नाहीत. तो झोपतो तिथे घरंगळतात. त्यामुळे त्याचं अंथरूण, सतरंजी, सोफ्याच्या गादीखालची फट आणि पलंगाखालचा कोपरा हे मुख्य अड्डे. कोश फवारणीलाही दाद देत नाहीत. मात्र हादरा आणि ऊब लागली की आतली पिसू बाहेर पडते. मशीन फिरवल्यावर पिसवा वाढल्यासारख्या वाटतात त्या यामुळे. थांबू नका. एक दिवसाआड, तीन-चार आठवडे सलग करा. कुत्र्यांची गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

गोचीडांचं तसं नाही. मादी रक्त पिऊन फुगली की कुत्रा सोडते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, फरशीच्या कडेला हजारो अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन् महिने तग धरतो आणि पिशवीतून चालत बाहेरही येऊ शकतो. फटीचं चपटं तोंड लावून भेगा, खिळ्यांची भोकं, पडद्यांच्या घड्या ओढून घ्या. लगेच पिशवी काढून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून घराबाहेर टाका. डब्याचं मशीन असेल तर डबा अंगणात, साबणाच्या पाण्याच्या बादलीत रिकामा करा. गोचीड हाताने चिरडू नका. भेगा मग पुट्टीने बुजवा. कुत्र्यांवरचं औषध पशुवैद्यांकडूनच एकाच दिवशी दोघांना द्या, नाहीतर मशीन कितीही फिरवलंत तरी घर पुन्हा भरेल. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्यांचं औषध तिच्याजवळही नेऊ नका, तिला ते विष आहे.

मशीन काढलं की आमची बीगल थरथरते, पलंगाखाली जाते.
— डोंबिवली

आपण ऐकतो त्याच्या दुपटीहून वरच्या पट्टीचा आवाज कुत्र्याला ऐकू येतो. मोटरची शिट्टी आपल्याला जाणवत नाही, तिला टोचते. पहिले चार-पाच दिवस मशीन बंदच, हॉलच्या मध्ये ठेवा आणि त्याच्याभोवती तिचा खाऊ टाका. मग ते बंद अवस्थेतच हळूहळू सरकवा, पुन्हा खाऊ. नंतर दुसऱ्या खोलीत, दार लावून, सर्वांत कमी वेगावर १० सेकंद चालू करा आणि तेवढा वेळ कोणीतरी तिला इकडे भरवत राहा. ती खायची थांबली तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. दार उघडून मशीन चालवायला दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या. तिच्या दिशेने नळी कधीच नेऊ नका, गमतीतही नाही. तोवर तिला कोणीतरी फिरायला नेईल त्या वेळात सफाई उरका.